मार खाणारी सायकल

माझ्या नवऱ्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाही, असं आमच्या सांगलीच्या गल्लीत सगळे सांगायचे, आणि ते खरं होतं. तो सायकलवर उगारायचा.

मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे तो कामाला होता. अडत्या त्याला चार लोकांत झापायचा, हमालांसमोर आईवरून बोलायचा. संध्याकाळी हा घरी यायचा, हातपाय धुवायचा, चहा प्यायचा. त्या दिवशी मला यायला उशीर झालेला असला किंवा मी तोंड वर करून काही बोललेली असले, तर कपबशी नीट बाजूला ठेवून उठायचा. दारापुढच्या पत्र्याखाली माझी सायकल उभी असायची. पहिल्यांदा त्यानं कोयत्यानं टायर फाडला. पुढं पुढं त्याचा हात बसत गेला. स्पोकमध्ये पहार घालून पिळायची, हँडलवर उभं राहून ते वाकवायचं, चेन तोडून गटारात भिरकवायची. ओरडायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. तरुणपणी तालमीत कुस्ती खेळायचा. खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. ते सगळे शिकलेले डाव त्यानं माझ्या सायकलवर काढले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसा आमच्या घरचा कारभार होता.

आणि खंडेनवमीला हाच माणूस त्या सायकलची पूजा करायचा. मोटारसायकल, कोयता, पहार आणि माझी सायकल, सगळं ओळीनं धुऊन पुसून मांडायचा, हळदकुंकू वाहायचा, झेंडूची माळ घालायचा. पायडलला चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा. आठवडा उलटत नव्हता तोवर पूजलेली पहार पूजलेल्या सायकलच्या चाकात असायची. मी म्हणायचे, देवसुद्धा बघून गोंधळत असेल.

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. मी सातारची. आमच्या पेठेत सपाट रस्ता म्हणून नव्हता. शाळेत जाताना सायकल वाऱ्यासारखी सुटायची आणि येताना ढकलत आणावी लागायची. माझी जीभही जाताना सुटते ती परत आणता येत नाही, असं आई म्हणायची. नवरा सायकल मोडत असला की मी दारात उभी राहून सांगायचे, "मडगार्ड राहिलंय बघा. तेही घ्या. घंटी सोडू नका." त्यानं तो जास्तच चवताळायचा हे मला कळायचं. पण राग काय फक्त पुरुषांना असतो? त्याच्या हातात पहार होती आणि माझ्याकडं एवढंच होतं.

कामाला मी कुपवाडच्या एमआयडीसीत जायचे. तिथं बेदाण्याच्या एका शीतगृहात तासगावकडून आलेल्या मालाची प्रत ठरवायची. मूठभर बेदाणा तळहातावर घेतला की कुठला वरच्या प्रतीत जाणार आणि कुठला खाली, हे मला दिसायचं. मालक माझा शब्द मानायचा. पण पाळी सकाळी लवकर सुरू व्हायची आणि फाटक एकदा बंद झालं की परत उघडायचं नाही. शेअर रिक्षात परपुरुषाच्या मांडीला मांडी लावून बसायचं नाही, असं नवऱ्याचं फर्मान होतं. स्कूटीचं नाव काढलं की घरात दोन दिवस अबोला. सायकलला मात्र त्यानं हो म्हटलं होतं, कारण सायकलवर बाई लांब जात नाही अशी त्याची समजूत होती. तेव्हा सायकल बंद पडली की काम बंद, आणि काम गेलं असतं तर मी दोन खोल्यांत दिवसभर भिंतीकडं बघत आणि संध्याकाळी त्याच्याकडं बघत बसले असते. ते झालं असतं तर मी वेडी झाले असते. म्हणून सायकल चालू राहणं माझ्या जिवाची गोष्ट होती.

सासूला यातलं काही कळायचं नाही, किंवा फार चांगलं कळायचं. ती म्हणायची, "अगं, दारू पिऊन बायकूला तुडवणारं असत्यात. डोस्क्यात पाटा घालणारं असत्यात. माझं लेकरू सायकल मोडतंय. मोडू दे की. लोखंडाला काय दुखतंय व्हय?" साताऱ्याला थोरल्या भावाला फोन केला, तर त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुझ्या अंगाला हात लावतो का?"

"नाही."

"मग?"

फोन ठेवून मी भांडी आदळत घासली.

म्हणून मला मेकॅनिक लागायचा. दुसऱ्या बायकांना विश्वासाचा डॉक्टर लागतो, विश्वासाचा सोनार लागतो; मला विश्वासाचा सायकलवाला हवा होता. आणि तो सांगलीत मिळेना.

गल्लीच्या तोंडालाच एक दुकान होतं. पण तो दुकानदार नवऱ्याच्याच तालमीतला, एकाच मंडळातला. त्याच्यासमोर सायकल नेऊन टाकली की तो चाक फिरवून बघायचा आणि गालात हसायचा. "वैनी, पैलवानानं लय जोर लावला की ह्या टायमाला." मग सामान आलं नाही, परवा या, तेरवा या. काम कुणाच्या सांगण्यावरून लांबतंय ते मला कळत होतं. एकदा मी सुट्टीच्या दिवशी तासगावला गेले होते. तिथल्या एका मोठ्या शेडवर जास्त चांगल्या कामाचं विचारायला, घरी न सांगता. येताना द्राक्षबागेच्या कडेला बाभळीचा काटा लागला. गल्लीत येऊन पंक्चर काढायला दिली, आणि तो काटा कुठं लागला म्हणून त्यानं विचारलं तर मी आपली सरळपणानं तासगावच्या रस्त्याला म्हणून बसले. संध्याकाळी नवरा घरी यायच्या आधीच त्याला सगळं ठाऊक होतं. मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर माझ्या मागच्या चाकाचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, वैनी तासगाव दौऱ्यावर.

त्या दिवशी नवऱ्यानं सायकलचा चिमटा मोडला, पुढचं चाक ज्यात बसतं तो. दगडावर ठेवून, वरून उडी मारून.

सकाळी मी त्या दुकानात गेले. दुकानदार हवा भरत होता. "या वैनी," म्हणाला आणि हसला. मी त्याच्या हातातला पंप ओढून घेतला आणि त्याच्या नडगीवर हाणला. तो खाली बसला तेव्हा दुसरा पाठीत घातला. ग्रुपवर टाकायला त्याचा फोटो काढावा असं मनात आलं होतं, पण तेवढ्यात लोक धावले, मला धरलं, पंप काढून घेतला. बाईमाणसानं भर रस्त्यात पुरुषाला मारलं यावर गल्लीत पुढं कितीतरी दिवस चर्चा चालली. नवऱ्यानं दोनदा माफी मागितली, माझ्या वतीनं. माझ्या सायकलवर एवढी वर्षं एकदाही चर्चा झाली नव्हती.

त्यानंतर मी सगळी सांगली पालथी घातली. जुनी सायकलची दुकानं होती तिथं आता मोटारसायकलची गॅरेजं झालेली. विश्रामबागेच्या बाजूला काचेचं एक नवं दुकान होतं, गियरच्या सायकलींचं. तिथल्या टापटिपीच्या मुलानं माझी सायकल आत घेऊ दिली नाही, फरशीला ग्रीस लागेल म्हणाला. एकानं दुरुस्ती केली, पण मागच्या चाकातलं माझं चांगलं फ्रीव्हील काढून आपलं खटारा घातलं. चोरी लक्षात आली तेव्हा त्याच्या टपरीवर जाऊन मी असा दंगा केला की शेजारच्या वडेवाल्यानं तेलाची कढई उतरून ठेवली. आणखी एकानं वाकलेलं हँडल बघून नाक मुरडलं आणि म्हणाला, "मिस्टर कुठायत? त्यांना पाठवा, बोलतो." मिस्टरांना पाठवा! मी तशीच वळले. एकेकाळी मला वाटायचं, जगात माझा नवरा एकटाच आहे. हिंडून कळलं की त्याचे भाऊबंद सगळ्या पेठांत दुकान मांडून बसलेत.

शेवटी मला हवा तो माणूस कुपवाडलाच सापडला, आमच्या शीतगृहाच्या अलीकडं, दोन कारखान्यांच्या मधल्या पत्र्याच्या आडोशात. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका धिप्पाड कामगाराची गचांडी धरून त्याला गदागदा हलवत होता. "बिरेक न्हाई म्हणून सांगितलं हुतं का न्हाई तुला? तरी घिऊन गेलास! पोरगी बसवून घिऊन गेलास म्हागं!" आणि त्यानं त्या माणसाची सायकल उचलून रस्त्यापलीकडं फेकली. गिऱ्हाइकाची सायकल फेकणारा मेकॅनिक मी जन्मात पाहिला नव्हता. बिनब्रेकच्या सायकलवरची पोरगी बहुधा पडलेली असावी. तो माणूस गुपचूप सायकल उचलून घेऊन आला. मी मनात म्हटलं, हा आपला माणूस.

तो जतकडचा होता. घरी पूर्वी मेंढरं होती, बोलण्यात निम्मं कानडी. त्यानं माझी सायकल उलटी करून उभी केली, चाक फिरवलं, चिमट्यावर बोट फिरवलं.

"ही पडल्याली न्हाई, अक्का," तो म्हणाला. "हिला हाणल्यात."

मी म्हटलं, "हो."

"भाइरच्यानं?"

"घरच्यानं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, चेहऱ्याकडं, हातांकडं, मनगटाकडं. "तुमाला न्हाई न्हवं हाणत?"

"नाही."

"मग बरं हाय," असं म्हणून तो कामाला लागला. त्याच्या त्या "बरं हाय"चा मला राग आला नाही, कारण निदान त्यानं आधी माझ्याकडं बघितलं होतं.

त्यानंतर कितीदा तरी मी सायकल त्याच्याकडं नेली. कधी ओढत, कधी पुढचं चाक हवेत धरून. सकाळी त्याच्याकडं टाकून चालत कामावर जायचं आणि सुटल्यावर तयार सायकल घ्यायची. तो कधी काही विचारायचा नाही. सायकलशी मात्र बोलायचा, कानडीत, शिव्या देत. रिमेचा आउट काढताना, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करताना, त्याची नस कपाळावर उभी राहायची. एकदा नवऱ्याच्या कुणा दोस्तानं येऊन विचारलं होतं, अशी अशी लेडीज सायकल येते का हिकडं. यानं सांगितलं, "हितं लय येत्यात. बाप्याची कुठली आन् बाईची कुठली, ध्येनात ऱ्हात न्हाई." हे मला त्यानं सांगितलं नाही, शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं.

नवऱ्याला मात्र चैन पडेना. त्यानं मोडलेली सायकल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठणठणीत होऊन दारात येत होती आणि गल्लीतल्या दुकानदाराला पत्ता नव्हता. हे कोण करतंय, हा प्रश्न त्याला खायला लागला. एका सकाळी तो लांबून माझ्या मागं आला असावा. पुढच्या रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तालमीतले दोघं घेऊन तो कुपवाडला गेला.

मी तिथं नव्हते. जे घडलं ते चहावाल्याकडून कळलं. पंक्चर बघायची पाण्याची टाकी लाथेनं उलटवली, पाने आणि पकडी गटारात फेकल्या, टायरांची चळत पेटवायला निघाले होते ती लोकांनी वाचवली. माझ्या मेकॅनिकला दोघांनी धरलं आणि नवऱ्यानं मारलं, गल्लीतले सगळे चांगला माणूस म्हणतात त्यानं. दुसऱ्याच्या बायकोच्या सायकलला हात लावतोस का, म्हणत मारलं. यानंही एकाच्या हातावर पाना असा घातला की बोट मोडलं. शेवटी याचं तोंड फुटलं, पुढचा दात गेला, पण त्यानं "परत करणार न्हाई" एवढं म्हणायचं होतं ते म्हटलं नाही.

सोमवारी मी त्याच्यापुढं उभी राहिले तेव्हा मान वर होईना. माफी मागावी तर ती कितव्यांदा आणि कुणाकुणाच्या वतीनं? तो गटारातून काढलेले पाने रॉकेलमध्ये धूत बसला होता. ओठ सुजून वडा झालेला.

"अक्का," तो म्हणाला, आणि दाताच्या फटीतून हवा गेली, "सायकल ठिवून जावा. दोन दिस लागत्याल."

मी ठेवून गेले. घ्यायला आले तेव्हा माझी सायकल मला ओळखू येईना. दूधवाले मोठमोठे कॅन लावून फिरतात त्या सायकलीचं सगळं हाड त्यानं तिला घातलं होतं. जाड रिमा, त्यात मोपेडचे स्पोक. चिमट्याच्या दोन्ही बाजूंना सळया वेल्ड केलेल्या. मधे आणखी एक नळी. टायरच्या आत दुसरा जुना टायर कापून बसवलेला, म्हणजे कोयता मारला तर वरचा फाटेल, आतल्या ट्यूबपर्यंत पातं जाणार नाही. चेनवर पत्र्याचं झाकण. तो हातोडा घेऊन उभा राहिला आणि त्यानं स्वतः चाकावर दोन दणके घातले. ठण्ण ठण्ण वाजलं, बाकी काही नाही.

"आता हाण म्हनावं," तो म्हणाला. "कसा हाणतोय बगू."

मी मोठ्यानं हसले. फार दिवसांनी इतकं हसले होते. सायकल एवढी जड झाली होती की रेल्वेच्या पुलावर चढताना माझा जीव वर यायचा, पण मला त्याचं काही नव्हतं. आता मोडणार नाही! माझं काम जाणार नाही! मी रस्त्यानं पेढे वाटत गेले नाही एवढंच.

मग त्या दोघांची जुंपली. नवऱ्याचा त्या माणसावरचा राग, त्या माणसाचा नवऱ्यावरचा राग, आणि मधे माझी सायकल. नवरा संध्याकाळी यायचा, चहा प्यायचा आणि पत्र्याखाली जायचा. हँडलवर उभा राहिला, हँडल हललं नाही. वरवंटा आणून घातला, वरवंट्याचा टवका उडाला. कोयत्यानं टायर चिरला, तर सकाळी मी तशीच चालवत गेले. चढावर मला धाप लागायची पण मान ताठ असायची. मेकॅनिक रोज विचारायचा, "काल काय केलं?" मी सांगायचे, आणि तो मांडीवर थाप मारायचा. आम्ही दोघं एखाद्या खेळाचा निकाल लागावा तसं बोलायचो. गल्लीतही आता बघायला माणसं जमायला लागली होती. आधी इतकी वर्षं जो प्रकार कुणाला दिसत नव्हता तो आता, मोडत नाही म्हटल्यावर, सगळ्यांना दिसायला लागला. समोरच्या गच्चीवर बायका सांडगे वाळत घालायच्या निमित्तानं उभ्या राहायच्या.

त्या दिवशी अडत्या त्याला काय बोलला होता कुणास ठाऊक. चहा न घेताच तो पत्र्याखाली गेला. मी दारात होते, सासू आत भाजी निवडत होती. त्यानं पहार घेतली, दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि सगळा जीव एकवटून पुढच्या चाकावर घातली. पहार त्या जाड रिमेवर आपटली आणि उलटी उडाली. मागचं टोक त्याच्या खांद्यात बसलं, त्याच निखळलेल्या खांद्यात. तो कळवळून वाकला. चाक गरागरा फिरत राहिलं.

समोरच्या गच्चीवर कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. आणि मग मी हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

तो वळला.

त्याचा चेहरा मी तोपर्यंत असा समोरून कधी पाहिला नव्हता; सायकल मोडताना मला त्याची पाठ दिसायची. पहिली थप्पड बसली तेव्हा मला कळलंच नाही की ती मला बसली. दुसरीला मी उंबऱ्यावर आपटले. मग त्यानं पहार उचलली. मी हात आडवा धरला आणि हाड मोडल्याचा आवाज मला कानानं ऐकू आला, दुखायच्या आधी. त्यानं केस धरून ओढलं, मी त्याचा अंगठा दातात धरला आणि सोडला नाही, तोंडात रक्ताची चव आली, त्याचं की माझं ते कळलं नाही. तो लाथा घालत होता. तशाच, मापात, न ओरडता, जशा सायकलला घालायचा.

आतून सासू धावत आली. तिच्या पदरातली भाजी सगळी सांडली. ती छाती बडवत ओरडत होती, "आरं, सायकल हाय की! सायकल हाय की तिकडं! सायकलीला हाण!"

गच्चीवर आता कुणी नव्हतं.

दमल्यावर तो थांबला. आत गेला, हातपाय धुतले. सासूनं मला हळद लावली आणि तिच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं हात बांधला. बांधताना ती रडत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आसा न्हवता गं माझा ल्योक. कवाच न्हवता आसा. ती पयली सायकल बरी हुती."

उजाडल्यावर मी सायकल काढली. का काढली ते सांगता येत नाही. दवाखाना जवळ होता, रिक्षा मिळाली असती. पण अंगाला दुसरी सवय नव्हती. डावा हात पोटाशी धरून एका हातानं ते धूड चालवत, पुलावर उतरून ढकलत, मी कुपवाडला पोचले. मेकॅनिक नुकताच पत्रा उघडत होता. मला लांबूनच बघून तो हसला, सायकल माझ्या हातातून घेतली आणि नेहमीसारखं आधी चाक फिरवलं. रिमेवर पहारेचा पांढरा ओरखडा होता. त्यावर त्यानं अंगठा फिरवला.

"बगा! पहार घातली न्हवं? स्पोक सुदिक न्हाई वाकला!" त्याचा आवाज आनंदानं फुटला होता. "आवं अक्का, मी सांगितलं न्हवतं..."

आणि मग त्यानं वर बघितलं.

उकिडवा बसूनच तो एकेक बघत गेला. माझा डोळा, ओठ, लुगड्याची पट्टी. मग त्यानं सायकलकडं बघितलं आणि परत माझ्याकडं. त्याला कळायला वेळ लागला नाही. मला रात्रभर लागला होता. आम्ही दोघांनी मिळून, हसत हसत, त्या माणसापुढं मोडायला एकच गोष्ट शिल्लक ठेवली होती.

तो उठला. आत गेला आणि खुंटीवरून माझी जुनी रिम काढून आणली, पातळ, मूळची. ती त्यानं जपून ठेवली होती. खाली बसून तो फडक्यानं ती पुसायला लागला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, ही बसवून दिऊ का? हलकी हाय. मोडंल लगीच. मी काय, रोज नवी करून दिईन. जलमभर दिईन."

तो मनापासून बोलत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्याहून विश्वासाचा माणूस मला सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत मिळाला नव्हता, आणि तो माझ्यासाठी मोडणारं चाक पुसत होता. आणि मी हो म्हणणार होते. देवाशप्पथ सांगते, हो माझ्या ओठावर आलं होतं. सायकल मोडेल, हा दुरुस्त करेल, मी कामावर जाईन, हात बरा होईल. सासू म्हणाली ते खरंच होतं, पहिली बरी होती.

मी उजवा हात पुढं केला. त्याला वाटलं, बघायला मागते. त्यानं रिम माझ्या हातात दिली.

मी ती दगडावर आपटली. पुन्हा आपटली. ती वाकली तरी थांबले नाही, दोन्ही पायांनी तिच्यावर उभी राहिले, उचलून पत्र्याच्या खांबावर घातली. मोडक्या हाताची कळ मस्तकात जात होती आणि तरी मी मारत होते. चहावाला धावत आला आणि लांबच उभा राहिला. मी ओरडत नव्हते. एक शब्द बोलत नव्हते. रिमेचा चेंदामेंदा झाला आणि माझा हात थांबला, तेव्हा माझ्या अंगातून एक असा गार, गोड सैलपणा उतरला की तसलं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. मला वाटलं, अजून एक असती तर.

नवऱ्याला सायकलचा राग कधीच नव्हता. माझाही नसेल. त्याला हे मिळत होतं. आणि हे ज्याला रोज मिळतं तो थांबत नाही, जाड रिम घाला नाहीतर पातळ घाला.

मेकॅनिक माझ्याकडं बघत उभा होता, हातात फडकं तसंच. मी धापा टाकत खाली बसले.

"दुसरी हाय का बगू का, अक्का?" त्यानं घाबरत विचारलं.

"नको, अण्णा," मी म्हटलं. "रिम नको. हिकडं कुठं एखादी खोली मिळते का, ते बघा."